मावळातील भट्ट्या आणि कामकऱ्यांचे हात

ज्याची आजची मिळकत आजच्या चुलीपुरतीच असते, त्याचे 'हातावर पोट' आहे असे आपण म्हणतो. एखाद्या समाजाचे सारे अर्थशास्त्र कधी कधी अशा दोन शब्दांत साठवलेले आढळते. पोट हातावर असले म्हणजे हाताला बसलेला चटका कातडीपाशी थांबत नाही. तो घरातील धान्याच्या डब्यापर्यंत जाऊन पोहोचतो. असे असूनही आमच्या इतिहासग्रंथांतून हाताचा उल्लेख यावयाचा तो तलवार धरणारा किंवा लेखणी चालवणारा म्हणून. भट्टीपुढे शेकणाऱ्या, कढईत उलथणे फिरवणाऱ्या, इंजिनाच्या तोंडात कोळसा लोटणाऱ्या हातांचा इतिहास लिहिण्याची आवश्यकता आम्हां सुशिक्षितांस क्वचितच वाटली. प्रस्तुत लेखात तो इतिहास एका लहान मुलुखापुरता, म्हणजे मावळ तालुका व लोणावळे यांपुरता पाहावा, आणि असे हात भाजले तेव्हा वैद्यकाने व कायद्याने काय केले याचा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

मावळ म्हटले की लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची ही नावे ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु गडांवरची निशाणे उतरल्यानंतर या मुलुखाचा इतिहास संपला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे एकामागून एक नव्या प्रकारचे अग्नी येत गेले. त्यांतील पहिला बोरघाटातील सुरुंगाचा होय. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली संपले. पंचवीस बोगदे फोडावे लागले, आणि कामाच्या भरात डोंगरावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येताच मरण पावला व त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, ते काम पुरे करवून घेतले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. पण बत्ती लावण्यासाठी जो हात दारूजवळ सर्वांत शेवटपर्यंत राहिला, त्याच्या धन्याचे नाव कोठे नोंदलेले नाही.

सुरुंगामागून वाफ आली. घाट चढणाऱ्या इंजिनांची बडदास्त ठेवण्याचे ठिकाण म्हणून लोणावळ्याची वस्ती वाढली, आणि आगवाल्याचा धंदा या गावास परिचित झाला. वाफेचे वैशिष्ट्य असे, की ती ज्योतीसारखी दिसत नाही आणि उकळत्या पाण्यापेक्षा अधिक भाजते. कारण तिचे पुन्हा पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता कातडीवर मोकळी होते. वाफेनंतर वीज आली. लोणावळे, वळवण व शिरवता येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ साली मुंबईस वीज पुरवण्यास आरंभ केला, आणि १९२९ साली पुण्यापर्यंतची आगगाडी विजेवर धावू लागली. विजेचा चटका तर सर्वांत कपटी. तो बहुधा हातातूनच शरीरात शिरतो. वर काळसर ठिपक्याएवढी खूण दिसते आणि आत मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू मेलेले असतात.

तिसरा अग्नी आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष अभिमानाचा, कारण तो आम्ही स्वतः पेटवला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षास एक पैसा मागून स्वदेशी उद्योगांसाठी निधी उभारावा अशी कल्पना काढली व लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. या पैसा फंडातून १९०८ साली, म्हणजे टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षी, तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले चालक होते. हा कारखाना नुसता माल काढणारा नव्हता. ती एक शाळाही होती, आणि येथे तयार झालेले कारागीर पुढे हिंदुस्थानातील अनेक काचकारखान्यांत गेले. काचेचा रस होण्यास भट्टी चौदाशे अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापवावी लागते. हातभर दूर उभे राहूनही तोंड भाजते अशा त्या दारातून लोखंडी फुंकनळीच्या टोकावर रसाचा गोळा उचलावयाचा, नळी सतत फिरवीत फुगवावयाचा आणि तो निवण्यापूर्वी त्यास आकार द्यावयाचा. या धंद्यात हात हेच मुख्य हत्यार. जाड हातमोजा घातला तर नळीचे फिरणे बोटांस कळत नाही, न घातला तर नळीची ऊब हळूहळू तळव्यात उतरते. कौशल्य आणि संरक्षण यांचा हा झगडा ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो आपणांस पुन्हा भेटणार आहे.

चौथा अग्नी आरमाराचा. १९४५ साली लोणावळ्यास 'शिवाजी' हे आरमारी यंत्रशिक्षणाचे केंद्र स्थापन झाले. समुद्र दिसतही नाही अशा डोंगरावर जहाजांच्या बाष्पपात्रांचे व यंत्रांचे शिक्षण देणारी ही संस्था आजही चालू आहे, आणि जहाजावरील आग विझवण्याचे शिक्षणही तेथे मिळते. आणि पाचवा अग्नी तो, ज्याचे फळ आपण सर्वांनी चाखले आहे: चिक्कीच्या कढईखालचा. गुडदाणी या जुन्या नावाने ओळखली जाणारी ही मिठाई लोणावळ्याची खूण होऊन बसली आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत लोणावळ्याहून रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही.

हे पाच अग्नी एकमेकांपासून फार भिन्न. परंतु त्या सर्वांचा पहिला भक्ष्य एकच: माणसाचा पंजा. कामात जो अवयव पुढे असतो तोच आधी भाजतो, आणि आग अंगावर आली तरी माणूस तिला अडवण्यास हातच पुढे करतो. असा हात भाजला म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यावाचून पुढील इतिहासाचा अर्थ कळणार नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठी बारकाई दाखवली आहे. तव्याला बोट लागले तर चटका बसतो, उकळत्या चहाने हात पोळतो, निखाऱ्याने भाजतो आणि ज्वाळेने होरपळतो. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार भेद केले. पहिल्यात कातडीचा रंग पालटतो, दुसऱ्यात फोड येतात, आणि चौथ्यात दाह मांस, शिरा, स्नायू व सांधे यांपर्यंत उतरतो. तापलेला स्नेह सूक्ष्म मार्गांनी आत शिरतो म्हणून त्याने भाजल्यास वेदना अधिक होतात, हेही त्याने नोंदले आहे. युरोपात जर्मन शल्यवैद्य फाब्रिसियस हिल्डानुस याने १६०७ साली भाजण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून तीन पायऱ्या सांगितल्या. वर्गीकरणे निरनिराळी, पण प्रश्न एकच: दाह किती खोल गेला?

या प्रश्नाचे मोजमापी उत्तर १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिकेझ या दोन अमेरिकन संशोधकांनी दिले. चव्वेचाळीस अंश उष्णतेने कातडी मरण्यास सुमारे सहा तास लागतात, तर सत्तर अंशांस एक सेकंदही पुरा लागत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणजे भाजणे हा उष्णता आणि वेळ यांचा गुणाकार होय. चिक्कीचा पाक कडक होण्यास दीडशे अंशांच्या जवळ न्यावा लागतो. उकळते पाणी हातावर सांडले तर ते ओघळून जाते. पाक ओघळत नाही, तो चिकटतो. उष्णता दीडपट आणि वेळ कितीतरी पट, असा हा दुहेरी मारा असतो.

दुसरा प्रश्न किती भाग भाजला याचा. बोटांसकट तळवा हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का धरतात, आणि दोन्ही बाजूंनी सबंध पंजा धरला तरी तो तीन टक्क्यांच्या आतच राहतो. साहजिकच टक्केवारी पाहणाऱ्यास हाताचे भाजणे किरकोळ वाटते. रोग्याच्या जिवास धोका नसतो, त्यामुळे त्यास घरी पाठवण्यात येते. येथेच या विषयातील मुख्य चूक दडलेली आहे. तळव्याची कातडी जाड असते. पाठीकडची अतिशय पातळ, आणि तिच्या लगेच खाली बोटे सरळ करणारे कंडर असतात. भाजल्यावर पंजा सुजतो. सुजलेला हात आपण होऊन अशा स्थितीत जातो की मनगट खाली वाकते, बोटांच्या मुळाचे सांधे ताठ होतात, पुढची पेरे आकडतात आणि अंगठा तळव्याशी चिकटतो. मुळाच्या सांध्यांचे बंध बोट वाकवल्यावर ताणले जातात व सरळ केल्यावर ढिले पडतात. ढिल्या अवस्थेत काही आठवडे राहिले की ते आखडतात, आणि पुढे मूठ वळत नाही. जखम भरली, कातडी आली, वैद्याने रोग्यास मोकळे केले. आणि तरीही तो हात फुंकनळी धरू शकत नाही की लाटणे फिरवू शकत नाही. टक्के एक की दोन, पण उपजीविका शंभर टक्के गेली.

म्हणून हात भाजल्यावर दोन प्रश्न विचारावे लागतात. जखम केव्हा भरेल, हा पहिला; आणि मूठ वळेल काय, हा दुसरा. आमच्या मते या उपचाराचा सारा इतिहास म्हणजे वैद्यक पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नावर कसे आले याचा इतिहास होय.

प्राचीनांचे लक्ष जखमेवर काय घालावे याकडे होते. चंदन, गेरू, गुळवेल ही द्रव्ये तुपात मिसळून लावण्यास सुश्रुताने सांगितले. सौम्य दाहावर मात्र शेक व उष्ण औषधे सांगितली, कारण थंड पाण्याने रक्त साकळते असा त्याचा तर्क होता. पाश्चात्त्य शल्यवैद्यांतही गरम टर्पेंटाइनचे पुरस्कर्ते अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते. लंडनच्या जेम्स अर्ल याने १७९९ साली थंड पाण्याची बाजू जोराने मांडली, आणि पुढील प्रयोगांनी त्याचाच पक्ष खरा ठरवला. सुश्रुताचे वर्गीकरण आदरास पात्र आहे म्हणून त्याचा शेकही स्वीकारावा असे नाही. ग्रंथकाराविषयीचा आदर आणि त्याच्या मताची परीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

जखमेवर घालण्याच्या द्रव्यांच्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण विसाव्या शतकात घडले. सह्याद्रीच्या रानातील हिरड्यात व बाभळीच्या सालीत जो तुरट अंश असतो आणि ज्याने कातडे कमावतात, तो टॅनिक आम्ल भाजलेल्या जागी लावण्याची पद्धत डेट्रॉइट येथील फोर्ड रुग्णालयाच्या एडवर्ड डेव्हिडसन याने १९२५ साली प्रसिद्ध केली. जखमेवर टणक, काळसर कवच तयार होई, द्रव झिरपणे थांबे, वेदना कमी होई. पद्धत जगभर पसरली आणि अनेक जीव वाचल्याचे श्रेय तिला देण्यात आले. परंतु तेच कवच बोटाभोवती वेढले की अंगठीसारखे आवळू लागे. आत सूज, बाहेर कमावलेले कातडे. बोटांचा रक्तपुरवठा तुटे आणि काही वेळा बोटेच काळी पडून गळत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसऱ्याकडे पाठ फिरवली म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

ही चूक उघडकीस आणली ती युद्धाने. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या वैमानिकांपैकी पुष्कळांचे चेहरे व हात पेट्रोलच्या ज्वाळेने होरपळले. मोजा घालून कळा नीट दाबता येत नाहीत म्हणून काहींनी तो काढून ठेवलेला असे. काचकारागिराचा तोच झगडा येथे विमानात आला. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील शल्यवैद्य आर्चिबाल्ड मॅकिंडो याच्या ध्यानात आले, की जे वैमानिक समुद्रात पडले त्यांच्या जखमा इतरांपेक्षा चांगल्या भरतात. त्याने टॅनिक आम्लाविरुद्ध मोहीम उघडली आणि रोग्यांस कोमट मिठाच्या पाण्यात बसवण्याची पद्धत सुरू केली. पाण्यात पट्टी न ओढता सुटे, आणि बोटे हालवता येत. बोटे हालली पाहिजेत, हा या बदलाचा गाभा होता. हातापायांवर व चेहऱ्यावर टॅनिक आम्ल वापरणे त्यानंतर लवकरच बंद झाले.

आरमाराने हा धडा दुसऱ्या बाजूने गिरवला होता. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत तोफखान्यातील दारूच्या क्षणिक भडक्याने असंख्य खलाशांची तोंडे व हात भाजले. त्यानंतर ब्रिटिश आरमाराने पांढऱ्या कापडाची टोपडी व कोपरापर्यंतचे हातमोजे प्रचारात आणले. भडका एका क्षणाचा असल्यामुळे साधे कापडही पुरे पडते, कारण वर सांगितलेल्या गुणाकारातील वेळ तेथे अत्यल्प असतो. तेच कापड चिक्कीच्या पाकासमोर मात्र घातक ठरते. ते पाक शोषून घेते आणि हातावर धरून ठेवते. संरक्षणाचे साधन धंद्याकडे पाहून निवडावे लागते, एका भट्टीचा मोजा दुसऱ्या भट्टीस चालत नाही, हा या दोन उदाहरणांचा बोध होय.

खोल जखमेवर नवी कातडी आणण्याच्या विद्येत पुण्याचाही वाटा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते, आणि पुण्याकडील एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडवले. हा कारागीर वीटकाम करणाऱ्या जातीचा होता असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तोही भट्टीवालाच. त्या हकीकतीने इंग्रज शल्यवैद्यांचे कुतूहल जागे झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात रेव्हर्डाँ व टीर्श यांनी शरीराच्या एका भागावरील पातळ कातडी काढून दुसरीकडे लावण्याची रीत बसवली, आणि १९७० साली युगोस्लाव्हियातील झोरा यान्झेकोविच या शल्यविशारद स्त्रीने मेलेला थर आपोआप गळण्याची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच पातळ पातळ खरवडून लगेच कातडी बसवावी, हे तत्त्व जगास पटवले. त्यामुळे आखडण्यास मिळणारे कित्येक आठवडे वाचले.

गरीब देशात या विद्येस खर्चाची अडचण येते, आणि येथे महाराष्ट्रातील वैद्यांनी केलेले काम आवर्जून सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार करून तिचे परिणाम प्रसिद्ध केले. सोलापूरचे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली मधाची पद्धतशीर परीक्षा घेतली. शीव येथील रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी अजमावली, आणि तेथेच २००० साली मृत्यूनंतर दान केलेल्या कातडीची पेढी सुरू झाली. ही द्रव्ये घरगुती दिसतात म्हणून ती घरी लावावीत असा कोणी अर्थ करू नये. रुग्णालयात ती निर्जंतुक करून, जखम तपासून आणि रोज पाहून वापरली गेली. स्वयंपाकघरातील हळद, शाई, दंतमंजन किंवा लोणी भाजल्या जागी थापणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याने जखमेची खोली झाकली जाते आणि जंतूंस वाट मिळते.

आता कायद्याकडे वळू. वैद्यकास जसा टक्क्यांचा मोह पडला, तसा कायद्यास डोकी मोजण्याचा. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर माणसे असतील तेथेच लागू होता. १८९१ साली हा आकडा पन्नासवर, १९२२ साली वीसवर आणि १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तेथे दहावर आला. २०२० च्या नव्या संहितेने तो पुन्हा वीसवर, आणि यंत्रशक्ती नसेल तेथे चाळीसवर नेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. साठ-सत्तर वर्षे जो आकडा कमी होत गेला तो आता वाढला, याची कारणे सांगणारे सांगोत. पण ज्या पाकशाळेत आठ-दहा माणसे काम करतात ती कारखाना या व्याख्येच्या कालही बाहेर असू शके आणि आज अधिकच दूर गेली. कढईतील पाक मात्र आसपास किती माणसे आहेत हे पाहून तापत नाही.

भरपाईचा विचार सर्वप्रथम कोणी मांडला, हे येथे स्मरले पाहिजे. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ज्या मागण्या पुढे ठेवल्या, त्यांत रविवारची सुट्टी ही प्रसिद्ध आहे. परंतु तेथेच आणखी एक मागणी होती: कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पुरे वेतन मिळावे, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी. कायद्याने हे तत्त्व मान्य करावयास १९२३ साल उजाडले. त्या कायद्याच्या पुढे सुधारलेल्या परिशिष्टात अंगठा पुरा गेल्यास तीस टक्के, तर्जनी पुरी गेल्यास चौदा टक्के कमाईची शक्ती गेली असे धरले होते. हा सारा हिशेब तुटलेल्या बोटांचा. जे बोट जाग्यावर आहे पण वाकत नाही, त्याचे मोल ठरवण्याचे काम वैद्याच्या दाखल्यावर सोडलेले. भाजलेला हात दिसावयास पुरता असतो, आणि नुकसान दिसत नसले म्हणजे ते सिद्ध करणे कठीण जाते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा आता समाविष्ट झाला आहे. पण दाखला मिळवण्यासाठी जी उसंत, जे कागद आणि जो धीर लागतो, तो हातावर पोट असलेल्याजवळ किती असतो, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

या सर्व इतिहासातून आज मावळातील एखाद्या कढईपाशी उभ्या असलेल्या माणसास उपयोगी पडेल असे काय निघते? आमच्या मते पुष्कळ निघते, आणि त्यातील बहुतेक स्वस्त आहे. पाकाची परीक्षा बोटांनी तार काढून करण्याऐवजी वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकून किंवा उष्णतामापकाने करावी. कढई दोघांनी उचलून ओतण्यापेक्षा ती टेकूवर कलती करण्याची सोय असावी. उलथण्यास लांब दांडा, जमीन कोरडी, येण्याजाण्याची वाट मोकळी, आणि पाक ओतण्याच्या वेळी मध्ये कोणी नाही, एवढ्याने बराचसा धोका मूळातच टळतो. मोजा हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. आणि तो पाक न शोषणारा, चटकन झटकून टाकता येईल असा सैल हवा.

आणि तरीही हात भाजलाच तर पहिली वीस मिनिटे निर्णायक असतात. चिकटलेला पाक ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी येते. हात वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. पाणी उष्णताही नेते आणि गूळही विरघळवते. बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी अंगठ्या, घड्याळ व बांगड्या उतरवाव्यात; सौभाग्याच्या बांगड्या उतरवण्यास मन कचरते, पण सुजलेल्या मनगटावर त्याच फास होतात. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून, हात छातीच्या वर उचलून धरून, त्याच दिवशी वैद्याकडे जावे, जखम कितीही लहान दिसो. हाताचे भाजणे टक्के न पाहता तज्ज्ञास दाखवावे, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे. धनुर्वाताची लस, रात्री मनगट किंचित मागे, बोटांचे मूळ वाकलेले, पेरे सरळ व अंगठा दूर राहील अशी फळी, आणि दिवसा वैद्याच्या सल्ल्याने बोटांचा व्यायाम, या गोष्टी मलमाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

परंतु यांतील शेवटची गोष्ट वेळ मागते, आणि वेळ म्हणजे मजुरी. व्यायामासाठी रजा घेतली तर चूल थांबते; रजा न घेतली तर मूठ कायमची थांबते. या कोड्याचे उत्तर वैद्यकाजवळ नाही. ते लोखंड्यांनी १८८४ साली सांगून ठेवले आहे: बरे होईपर्यंत पुरे वेतन. ज्या लहान पाकशाळांपर्यंत कायद्याचे निरीक्षक पोहोचत नाहीत तेथे ते धन्याच्या न्यायबुद्धीवर आणि गिऱ्हाइकाच्या जाणिवेवर अवलंबून राहते. पैसा पैसा जमवून या मुलुखात काचेची भट्टी पेटवणारा समाज भट्टीपुढच्या हातांसाठी काही जमवू शकणार नाही, असे मानण्यास आम्हांस कारण दिसत नाही. पैसा फंडाच्या धर्तीवर डब्यामागे काही पैसे बाजूस काढून जखमी कारागिराच्या सहा आठवड्यांच्या वेतनाची तरतूद धंदेवाल्यांनी आपसांत केली, तर मिठाईची किंमत कोणास जाणवेल इतकी वाढणार नाही. आणि लोखंड्यांच्या मागणीस एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ती निदान लोणावळ्याच्या बाजारपेठेत तरी पुरी झाली, असे म्हणता येईल.